झग्याच्या मापाची खोली

माझ्या नावापुढे आज बी. ए. लागतं ते माझ्या मोठ्या मामांमुळे. आणि आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेटीवर मामांइतकी माया करणारा दुसरा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. पुठ्ठ्याचे खोके आले तेव्हा सगळ्यांनी लाकडी पेट्या चुलीत घातल्या. मामांनी त्या वाडीभर फिरून गोळा केल्या आणि माळ्यावर रचून ठेवल्या. "लाकूड हाय ता, कायतरी होयल त्याचा," एवढंच ते म्हणत. मी आठवीला शिकायला त्यांच्याकडे आलो तेव्हा त्याच पेट्यांचं टेबल करून त्यांनी मागची खोली मला दिली. स्वतःची खोली हा प्रकार आमच्या घरात तोवर कुणी पाहिला नव्हता. पाच वर्षं मी त्या टेबलावर अभ्यास केला. टेबलाच्या फळीवर निळ्या अक्षरांत ‘हापूस, पाच डझन’ असं छापलेलं होतं, त्यामुळे बीजगणित सोडवताना हमखास भूक लागायची.

मामा सावर्ड्याजवळच्या एका शाळेत शिपाई होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शाळा त्यांच्या अंगातून गेली नाही. घरात जेवायला बसायच्या आधीही ते ताटलीवर चमच्याने दोन ठोके देत. मामी हसत म्हणायच्या, "आले हो, सगळे वर्ग आले." मामी गेल्याला आता तीन वर्षं होतील. ठोके अजून चालू आहेत, असं शेजारच्या सुमनकाकी सांगतात.

यंदा फेब्रुवारीत ऑफिसच्या कामाने मी कोल्हापूरहून चिपळूणला आलो होतो. परतीच्या गाडीला दोन तास होते म्हणून मामांकडे गेलो. मामी गेल्यावर तसा मी गेलोच नव्हतो. फोन करायचो, एवढंच. अंगणात पाऊल टाकतो तर समोर सुमनकाकी उभ्या. "बरा झाला आलास बाब्या! बघ तुझ्या मामाला. भावजी, नातीची खोली करताय की नातीला पेटीत घालून दलालाकडं पाठवताय?" आतून मामांचा आवाज आला, "काकी, तुमच्या घरातली पलंगाची कुरकुर माझ्या ओटीवर ऐकू येते. आदी ती थांबवा!"

मामांचा मुलगा सुधीरदादा पुण्याला असतो. मे महिन्यात मुलीला, चिऊला, घेऊन येतो असं तो फोनवर म्हणाला होता. बोलता बोलता, चिऊला आता वेगळी खोली असते, असंही त्याच्या तोंडून गेलं. मामांनी दुसऱ्या दिवशी माळ्याला शिडी लावली.

माझ्या मागच्या खोलीचं त्यांनी काय केलं होतं, ते सांगायला हवं. पेट्यांच्या फळ्या तासून केलेला पलंग. उशाशी पुन्हा तेच, ‘हापूस, पाच डझन’. छताला शिंपल्यांच्या माळा. चिऱ्याच्या भिंतीत खिळा शिरेना म्हणून खुंट्या खांबाला ठोकलेल्या, त्याही गुडघ्याएवढ्या उंचीवर. आणि भिंतीचा खालचा अर्धा भाग शाळेच्या फळ्यासारखा काळा केलेला. पोरीला रेघोट्या मारायला! काळा रंग देणं हे मामांचं खास काम. शाळेचे सगळे फळे त्यांनीच वर्षानुवर्षं काळे केले होते. पण रंग दिल्यावर त्यांचा हात थांबला नाही. कोपऱ्यात सुंदर अक्षरात तारीख, खाली सुविचार, आणि त्याखाली:

पट : १
उपस्थित : ०

"मामा, हे काय?"

"काय म्हंजे? फळा हाय, तर पट नको?"

"मग उपस्थित एक लिहा की. येणारच आहे ती."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कॉपी करताना सापडलो. "पोर वर्गात बसल्याबिगर हजेरी लावायची नाय. आगाऊ हजेरी म्हंजे लबाडी."

पलंग मात्र मला फारच लहान वाटला. मी विचारलं, "माप कशावरून घेतलंत?" मामांनी खुंटीवरचा एक पिवळा झगा काढून दाखवला. मामींनी चिऊसाठी शिवलेला शेवटचा झगा, इथेच राहून गेलेला. पलंग, खुंट्या, खिडकीपाशी ठेवलेला पाट, सगळं त्या झग्यावरून बेतलेलं होतं.

"मामा, हा झगा अडीच वर्षांच्या पोरीचा. चिऊ आता सहाची."

"असू दे. वाढून वाढून किती वाढंल?"

मी सुधीरदादाला फोन लावला. त्याने चिऊला भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं, पावणेचार फूट. मामांनी टेप घेतला, काळ्या भिंतीवर खडूने रेघ मारली आणि तिच्यासमोर उभे राहिले. रेघ त्यांच्या शर्टाच्या चौथ्या बटणाला लागत होती. त्यांनी हात उचलून रेघेच्या जरा वर धरला, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा. "एवडी?" म्हणाले. मग झगा घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि माळ्यावरून आणखी एक पेटी काढायला गेले. मी शिडी धरली. तेवढ्यात माझ्या गाडीची वेळ झाली.

एप्रिलच्या शेवटी काकींचा फोन आला. चिऊचा पोहण्याचा क्लास लागला, आता दिवाळीत बघू, असं सुधीरदादाने कळवलं होतं. काकी म्हणाल्या, "भावजी अजून रोज सकाळी तारीख बदलतात रे. खालचा शून्य पुसतात नि परत शून्यच लिवतात."

मी फोन केला नाही. ‘फोनवर माणूस उभा असतो, पत्रात बसतो,’ असं मामा म्हणतात. म्हणून बसून लिहिलं.

तीर्थस्वरूप मामांस,
सविनय जयभीम.
येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. आठ दिवसांची रजा घेतली आहे. तीन वर्षं राहायला आलो नाही, त्याला कारण सांगण्यासारखं नाही. मागच्या खोलीतच झोपेन. पलंगाला अजून दोन पेट्या जोडाव्या लागतील, तेवढ्या माळ्यावर ठेवा. दोघं मिळून जोडू. चिऊची रेघ पुसू नका. दिवाळीला ती थोडी वर सरकवावी लागेल.
फळ्यावर पट दोन करा. चिऊचं नाव वर, माझं खाली. उपस्थितीचा आकडा मात्र मी आत येऊन बसल्यावरच लिहा.
आपला,
बाब्या