पुठ्ठ्याची किल्ली आणि मधला चोर

नव्वदीच्या सुरुवातीला मी तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर होतो आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजत होतो. मालकांनी सरळ सांगून ठेवलं होतं: गिऱ्हाइकाला प्रयोग पटला तर प्रयोगशाळा तुमची, नाहीतर गुम्मिडिपूंडीच्या गोदामात माल मोजायला जा.

प्रयोग असा. गुप्त संदेशाच्या कुलपाची किल्ली प्रकाशातून पाठवायची. प्रकाशाचा कण कुठल्या दिशेने डोलतो यात ती दडलेली असते. मधे कुणी डोकावलं की कण बिघडतो, आणि चोर आपसूक उघडा पडतो. एकेक कण सोडणारं यंत्र मी फक्त परदेशी मासिकात पाहिलं होतं. आमच्याकडे टॉर्च होता, आणि थ्री-डी सिनेमाच्या चष्म्यातल्या, एकाच दिशेने डोलणारा प्रकाश सोडणाऱ्या काचा, गोल पुठ्ठ्यांवर डकवून टाचणीभोवती फिरणाऱ्या.

एका खोलीत मी, समोरच्या खोलीत आमच्या सहकारी बाई, मधे बोळ. बाई तंजावरकडच्या जुन्या मराठी वस्तीतल्या, त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चालायची आणि मी त्यांचा ‘सार’, म्हणजे सर, होतो. टॉर्चची दर उघडझाप म्हणजे एक खूण. दर खुणेनंतर दोघांनी इंटरकॉमवर आपापल्या पुठ्ठ्याची दिशा, सरळ की तिरकी, तेवढी सांगायची; उजेड दिसला की अंधार, ते नाही. हे बोलणं जगाने ऐकलं तरी चालतं. आम्ही ते मराठीत करायचो, म्हणजे अंबत्तूरने ऐकूनही उपयोग नव्हता. शेवटी थोड्या खुणा ताडून पाहायच्या. चुका निघाल्या तर मधे चोर आहे.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त लष्करी साहेब. माझ्या खोलीत बसून घामाने निथळत होते. मी अगत्याने टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला आणि टॉर्च पेटवला.

थोड्या वेळाने इंटरकॉमवर बाई म्हणाल्या, “सार, तुमच्या तिकडं—”

“फक्त दिशा,” मी म्हणालो. शिस्त म्हणजे शिस्त. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा गप्प केलं.

खुणा ताडल्या तर चुकाच चुका. मी तर खूश झालो. नुसत्या प्रयोगापेक्षा चोरासकट प्रयोग कितीतरी भारी. मधे कुणीतरी ऐकतंय, असं मी साहेबांना ठणकावून सांगितलं. साहेब ताडकन उठून बोळात गेले. तिथे एकच माणूस होता, हातात त्यांच्यासाठी कॉफीचा टंबलर घेऊन उभा. आमचे मालक.

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण शास्त्र खोटं बोलत नाही, असं मी वर म्हणालो. साहेबांनी मालकांना विचारलं, तुम्ही आणखी कुणाला माल पुरवता?

तेवढ्यात बाई स्वतःच उठून आल्या. “आता दिशा सोडून बोलू का, सार? फॅनच्या वाऱ्यानं तुमचा पुठ्ठा फिरतोय. पहिल्यापासनं.”

साहेब पोट धरून हसले, कॉफी प्यायले आणि गेले. मालक हसले नाहीत. तमिळमध्ये, अगदी हळू आवाजात म्हणाले, “चोर नाही सापडला तरी चालेल. पण तो मी नसावा, एवढं तरी बघायचं.”

सोमवारपासून मी गुम्मिडिपूंडीला माल मोजू लागलो. पहिल्याच दिवशी दोन पेट्या कमी भरल्या. त्या कुणी नेल्या असतील याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.