मानलेल्या मामांची साक्ष

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार मामांचे आहेत. ते आईचे सख्खे भाऊ नव्हते, चुलतही नव्हते. गिरणा नदीपलीकडे भडगावजवळच्या गावी त्यांची शेती होती. घरात माणूसबळ भरपूर आणि शब्दाला वजन.

वडील वारले तेव्हा मी आईच्या कडेवर होतो, म्हणून हे सारे ऐकलेले. काकांनी बांध फोडून विहिरीकडची पट्टी आपल्या शेतात ओढली. आईला माहेर उरले नव्हते, आणि माहेर नसलेल्या बाईसाठी आमच्याकडे कोणी भांडायला येत नाही. तिने मामांकडे नारळ पाठवला : मला बहीण माना. नारळ ठेवून घेणे म्हणजे तिचे भांडणही घेणे, हे दोघांना ठाऊक होते. त्यांनी तो ठेवून घेतला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. त्या दिवसांत मामा आईला न्यायला भरदुपारी बैलगाडी घेऊन आले आणि गाडी आमच्या नव्हे, काकांच्या दारात सोडली.

"बहीनले लेवाले उनू."

"हिले भाऊ शे, हाई आमले ठाऊकच नै!" काका हसले.

"आते ठाऊक पडनं ना? मंग पानी आन."

दारी आलेल्याला पाणी नाकारता येत नाही, आणि भावजयीच्या भावाला पाणी दिले की नाते कबूल. काकूंनी तांब्या आणला. पेरणीच्या आत बांध होता तिथे परत आला.

पुढे माझी धुळ्याची शाळा आणि पुण्याचे कॉलेज मामांच्याच आधारावर झाले. आमच्या घराण्यात बी. ए. झालेला मी पहिला. धुळ्यातच शिक्षक झालो.

दुसऱ्या वर्षी, गुरे पिकात शिरल्यावरून मामांच्या मुलाने शेजारच्या शेतकऱ्याचा हात मोडला. खटला उभा राहिला. मामांचा निरोप आला : त्या दिवशी मुलगा तुझ्याकडे धुळ्याला होता, एवढे कोर्टात सांग.

आईने ऐकून इतकेच विचारले, "मंग कधय जाशी?" तिच्या लेखी यात विचार करण्यासारखे काही नव्हते.

शपथेवर खोटे बोलणे मला जमणारे नव्हते. मामांना पाठ दाखवणेही नव्हते. चौथ्या दिवशी पत्र टाकले :

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. तो त्या दिवशी माझ्याकडे नव्हता, म्हणून तशी साक्ष मी देणार नाही. तुम्हाला राग येईल, आणि तो करण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तारखेच्या दिवशी मात्र मी कोर्टात तुमच्या शेजारी उभा राहीन. शनिवारी शाळेला सुट्टी लागते. रविवारी येतो आणि आधी ज्याचा हात मोडला त्याच्या घरी जातो. हाड जुळेपर्यंत त्याच्या शेतात वखर मी धरीन. तुमच्या घरचा माणूस म्हणून धरतो आहे, असे त्याला सांगेन. तो ऐकेल की नाही, सांगता येत नाही. तुम्ही घरात घ्याल की नाही, तेही सांगता येत नाही. आईला अजून काही बोललेलो नाही. आपला भाचा."