बारावं घर

नवी माती आली की मावशी चिमूटभर आधी जिभेवर ठेवायची. मग थुंकून वाळू किती घालायची ते सांगायची. कुणाकडे गेली तर दार वाजवायची नाही, भिंतीवर थाप मारायची. बोलता बोलता अंगठ्याने भेगा बुजवायची. हात धुतलेलं पाणीसुद्धा चिखलाच्या खड्ड्यातच ओतायची.

"आमची मावशी रोज माती खाते, पण कामात कधी खात नाही," असं दादा पाहुण्यांना सांगायचा. मावशी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

वस्ती दादाने वसवलेली. शहर सोडून आलेली माणसं, मातीची घरं, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. निर्णय गोल बसून, हात वर करून. अकरा घरं मावशीने उभी केली. बारावं तिचं, हे पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. त्या भरवशावर तिने भावाच्या घरातली आपली खोली भाच्याला देऊन टाकली.

उन्हाळ्यात ती आजारी बहिणीकडे महिनाभर राहून आली. आल्या आल्या दादाच्या घरी गेली, सवयीने भिंतीवर थाप मारली आणि थबकली. आवाज तिच्या भिंतीचा नव्हता. तिने नखाने वरचा लेप खरवडला. खाली सिमेंट होतं.

दादाने तिला हाताला धरून आत नेलं. दरवर्षी भिंती लिंपायचा त्याला कंटाळा आला होता. आणि हाच माणूस दर रविवारी पाहुण्यांना शिकवायचा, की सिमेंटचा कणही वापरू नका.

"कुणाला बोलू नकोस, मावशी. तुझ्या पाया पडतो."

तिने शब्द दिला. वर एवढंच सांगितलं, की पावसाच्या आत हे खरवडून टाक. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला हवी. कोंडलीस तर भिंत आतून कुजेल.

त्याने हो म्हटलं. केलं नाही.

भर पावसात भिंत बसली. घरात कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. मावशी धावत पोचली तोवर सिमेंटचे तुकडे उचलले गेले होते.

पाऊस उघडल्यावर बैठक झाली. दादा म्हणाला, वाळू कमी पडली असावी. वय झालं की जिभेला चव राहत नाही. कुणीतरी हसलं.

मावशी वाट बघत राहिली. शब्द तिने दिला होता, त्यातून सोडवायचं त्याच्या हातात होतं.

"माझ्याकडे बघून सांग," ती म्हणाली.

तो चटईकडे बघत राहिला.

बारावं घर इंजिनिअरकडून बांधून घ्यायचं आणि पाहुण्यांसाठी ठेवायचं, असं ठरलं. मावशीचं पुढे बघू. एकेक हात वर गेला. सगळे तिनेच बांधलेल्या भिंतींआड झोपणारे. दादाचा सगळ्यात शेवटी, पण गेला.

सकाळी ती एक पिशवी घेऊन निघाली. वाटेवर अकरा घरं लागतात. एकाही भिंतीला तिने हात लावला नाही.

तिचं बारावं घर तिच्या हातून कमरेइतकं झालं होतं. दाराशेजारी एक कोनाडा आहे, डाव्या बाजूने गुळगुळीत, उजवी बाजू तशीच खडबडीत. शेजारच्या खड्ड्यात चिखल तुडवून, ओल्या गोणपाटाखाली तीन दिवस मुरायला ठेवलेला होता. ती गेली तो दुसरा दिवस होता.