दहाव्याचे दोन शब्द

मला माइकचा कंटाळा आलाय. खरं सांगायचं तर माणसांचाही आलाय, पण माइकचा जास्त.

आमच्या मुळशीत दहाव्याला भाषणं होतात. घाटावर एकीकडे विधी चाललेला असतो, दुसरीकडे महाराजांचं प्रवचन. ते संपलं की श्रद्धांजलीसाठी माइक फिरतो. पुढारी बोलतात, मग कुणीतरी म्हणतं, "गुरुजी, तुमी बोला की." मी शाळामास्तर होतो, आवाज बरा, शब्दाला शब्द जोडता येतो. त्यामुळे निवृत्त झाल्यापासून पौडपासून कासार आंबोलीपर्यंत कुणाचंही दहावं असो, मी हजर. दारूत घर बुडवलेल्याला मी 'दिलदार' म्हटलंय. भावाचा बांध कोरणाऱ्याला 'कष्टाळू' म्हटलंय. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे ठीकच आहे हो, पण चांगलं तरी किती बोलायचं?

सवयच लागली. तोंड उघडायच्या आधी आत एक मास्तर लाल पेन घेऊन बसतो. हे खोड, ते नको, इथं जरा गोड लिही. त्याला निवृत्ती नाही.

मागच्या वर्षी माझी थोरली बहीण गेली. तिला उरवड्याला दिली होती. मेहुणे आधीच गेलेले. माझ्या दोन्ही भाच्यांनी घरामागं खोल्या बांधून कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिल्या. मागणी वाढली तशी घरातली एकेक खोलीही भाड्यानं गेली आणि आक्काची खाट सरकत राहिली. माजघरातून पडवीत, पडवीतून मागच्या पत्र्याच्या खोलीत. "मामा, तितं हवा लई छान हाय," थोरला मला म्हणाला. डोंबलाची हवा! चैत्रात त्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं.

पुढं आक्कानं अंथरूण धरलं. तिचं सगळं काढलं ते शेजारच्या खोलीतल्या भाडेकरणीनं. बिहारकडची बाई, नवरा-बायको दोघंही कंपनीत. ड्यूटीवरून आली की आधी आक्काला पुसून कोरडी करायची, भात भरवायची, मग स्वतःचा गॅस पेटवायची. मी डोळ्यांनी बघितलंय. सुना पुढच्या खोलीत टीव्हीपुढं. मी भाच्यांना बोललो तर "बघतो मामा," एवढंच. आक्काच मला दटावायची, "गप ऱ्हा रं. तू बोलून जाशील तुज्या घरी, मला हितंच ऱ्हायचंय."

ती गेली. दहाव्याच्या आधी धाकट्या भाच्याचा फोन आला. "मामा, शेवटी तुमीच बोला. पण जरा आवरतं घ्या बरं का." म्हणजे मी काय बोलेन याची धास्ती त्यालाही होती. मी मनाशी ठरवलं, आवरतं-बिवरतं काही नाही. गावासमोर त्या बाईला पुढं बोलवायचं आणि सांगायचं, माझ्या बहिणीला हिनं सांभाळलं. पोटच्यांनी नाही, हिनं. एवढी भाषणं ठोकली, एक तरी खरं होऊ दे.

घाटावर आक्काच्या लेकीनं, माझ्या भाचीनं, मला बाजूला घेतलं. रडून डोळे सुजलेले.

"मामा, तुमी आज काय बोलणार हायेत, ते तुमच्या तोंडावर दिसतंय. नका बोलू."

"का गं? खोटं आहे का?"

"खरंच हाय. मला काय ठावं न्हाई व्हय? पण आई गेली. आता भावांनीबी दार लावलं तर मी कुटं जायाचं? माझं माहेर तेवढं ऱ्हाऊ द्या."

राग गिळायचा, आवंढा गिळायचा, मूग गिळायचे. आपल्याकडं शहाण्या माणसानं सगळं गिळायचंच असतं आणि वर त्याला 'समजूतदार' म्हणतात. पोट भरलं हो माझं या समजूतदारपणानं.

माइक हातात आला. गर्दीच्या पार मागं ती बाई दिसली, कंपनीच्या कपड्यातच आलेली. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. म्हणालो, आक्का भाग्यवान, मुलांनी आणि सुनांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. माझा आवाज कापत होता. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. त्यांना ते दुःख वाटलं. मला नुसता संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

पुढं जेवणाची गडबड सुरू झाली. थोरल्यानं बहिणीला जवळ घेतलं, म्हणाला, "आई न्हाई म्हनून थांबायचं न्हाई. दिवाळीला यायचं." भाची त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळी रडली. ते बघून मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. तिचं माहेर राहिलं.

मी पंगतीकडं निघालो तर ती भाडेकरीण समोर आली. हात जोडले.

"मास्टरजी, अम्मा रोज बोलती थी, मेरा भाई बहुत अच्छा बोलता है. आज सुनने के लिए आधे दिन की छुट्टी ली."

तिला आता मराठी सगळं कळतं. चेहऱ्यावर टोमणा नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. मी विचारलं, "जेवलीस का?"

"नहीं. किसी ने बैठने को बोला नहीं."

'चल, माझ्या शेजारी बस.' एवढंच तर म्हणायचं होतं. ते म्हणायच्या आधी मी मान वळवून भाचे कुठं आहेत ते बघितलं. दोघंही पंगतीत वाढत होते. मी परत तिच्याकडं वळलो, तोवर ती चपला घालून रस्त्याला लागली होती.