भिंतीवरचा खेकडा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं तिथेच राहिलं. कुणी ही वही उघडलीच, तर राग धरू नये.

आज वाशीच्या घरात भिजवलेले तांदूळ वाटले आणि तो ओला, गोडसर वास आला. डोळे मिटले, तर मी तळवलीला, आठ-नऊ वर्षांची, ताईच्या लग्नात.

लग्नाची भिंत रंगवायला सगळं गाव माझ्या आत्यालाच बोलवायचं. गेरूच्या भिंतीवर ती शिंदीच्या काडीने तांदळाचं पातळ पीठ ओढायची आणि खाडी वाहू लागायची. होड्या, मिठाचे ढीग, बगळे, खाली कोपऱ्यात एक खेकडा.

पाचव्या दिवशी भिंत सारवून टाकायची रीत होती. चित्र राहिलं तर नवरी सासरी रमत नाही, असं म्हणत. आत्याने शेणाचा गोळा हातात दिला आणि मला रडूच फुटलं.

"रडतस कनाला गो? भित मोकली नाय केली तं तुजं लगीन कुठं काढू?"

मी सारवलं, पण खेकडा ठेवला. आत्या भिंतीवरून नजर फिरवून म्हणाली, "बरा हात हाय तुजा." वाटलं, तिला दिसलाच नाही.

सकाळी पाण्याचा रांजण त्या कोपऱ्यात उभा होता. माझी चोरी आपोआप लपली म्हणून मी किती खूश झाले होते!

रांजण हलवायचा तर आधी रिकामा करावा लागे, आणि विहीर गावाबाहेर होती. तो पुन्हा भरायला आत्याने किती खेपा घातल्या असतील, हे आज तांदूळ वाटताना मनात आलं.