कुणीही बदलावीत अशी कुंदाकाकूंची पानं

कुंदाकाकू गेल्या त्या दुपारी आमच्या बागेच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. त्या गर्दीतून बाजूला येऊन महाल भागातल्या वैरागडेकाकांनी मला एकटीला निरोप पाठवला. "बेटा, ताईंची वेबसाइट तूच पाहतेस. त्यांनी लिहिलेली पानं आता लॉक करून टाक. कोणाचा हात नको लागायले." मी फोन पालथा ठेवला. निरोपात प्रेमच होतं आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर बाकीच्यांनीही तेच सुचवलं. लॉक करणं माझ्यासाठी दोन मिनिटांचं काम होतं. तरी मी ते केलं नाही... आणि नाहीही म्हटलं नाही. मोठ्या माणसांना नाही म्हणायची मला सवय नाही.

काकू मनीषनगरला आमच्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर बाग केली, आणि नागपूरच्या उन्हात कुंडीत काय जगतं, काय मरतं हे सांगणारी एक लहानशी वेबसाइट भाच्याकडून करून घेतली. हळूहळू शहरभरातले गच्चीवर भाजी लावणारे लोक त्यांच्याभोवती जमले. उन्हाळा लागला की त्यांचा फोन सकाळपासून वाजायचा. वांग्याची पानं का गळतात, सावलीची हिरवी नेट कधी बांधायची, दरवर्षी तेच प्रश्न. एकदा माझ्या आईने त्यांना सांगितलं की आमची रेणू वेबसाइटचंच काम करते. त्या संध्याकाळी काकू खाली आल्या, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "विकी म्हणजे काय असते ते मले समजेल असं सांग. आणि जरा मोठ्यानं सांग, काहून एवढी हळू बोलून राहिली वं तू?"

मी सांगितलं की आत्ता तुमच्या साइटवर फक्त तुम्ही लिहिता आणि लोक वाचतात. विकीमध्ये प्रत्येक पानावर एक बटण असतं, ते दाबून वाचणाराही लिहू शकतो, तुमचं लिहिलेलं बदलू शकतो.

"म्हणजे माह्या स्वयंपाकघरात कोणीबी येऊन कांदे चिरून जाईल?"

"हो."

"आणि वाकडेतिकडे चिरले तर?"

"तर आधीचे अख्खे कांदे परत आणता येतात. प्रत्येक बदलाच्या आधीचं पान साठवलेलं असतं. कोणी, कधी, काय बदललं तेही दिसतं."

त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "असे कांदे असतील तर मले पाहिजे."

त्यांच्या साइटच्या पोटात मी एक फुकट मिळणारी विकी बसवली. साइट तीच राहिली, वर फक्त 'गच्चीकोश' असा एक नवा दुवा आला. नाव काकूंचं. बटणावर 'संपादन' असा शब्द होता, तो त्यांना सरकारी वाटला. म्हणून मी तिथे 'बदला' केलं. सुरुवातीला बटण सगळ्यांना मोकळं ठेवलं, तर आठवड्याभरात टोमॅटोच्या पानावर वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती आल्या. काकू हसून हसून दमल्या. मी जुनं पान परत आणलं आणि बदल करायचा तर आधी नाव नोंदवावं लागेल अशी सोय केली. बदलाखाली एक छोटी चौकट असते, का बदललं ते लिहायला. काकूंना सगळ्या यंत्रात ती चौकट सर्वांत आवडली. मी शाळेपासून इंग्रजीत लिहीत आले, पण त्या चौकटीत मी मराठीतच लिहायचं असा त्यांचा हट्ट होता. आज हे इतकं लिहिते आहे ते त्यामुळे.

अडचण आली ती वेगळीच. लोकांनी नावं नोंदवली, पानं वाचली, आणि कुणी काही बदललंच नाही. काही चुकलेलं दिसलं की ते काकूंना फोन करायचे. ताईंनी लिहिलंय, आपण कसं खोडायचं? महिन्याच्या बैठकीत काकूंनी बटण दाखवलं, तर सगळ्यांनी मान डोलावली आणि चहा घेतला. मग काकूंनी एक उपाय केला. टोमॅटोच्या पानावर मुद्दाम लिहिलं, 'रोपं मे महिन्यात, भर दुपारी, उघड्या गच्चीवर लावावीत.' दुसऱ्या दिवशी मी वर होते. फोनवर फोन येत होते आणि काकू प्रत्येकाला शांतपणे सांगत होत्या, "हो का? चुकलं असेल. तुमच्याजवळ बटण आहे नं? मग दाबा नं." कुणी दाबलं नाही. एका वहिनींनी तर काकूंची तब्येत बरी आहे ना, असं माझ्या आईला विचारलं.

पुढे काही दिवसांनी काकूंचा फोन आला. "रेणू, वर ये लवकर. मले खोडलं वं कोणीतरी."

वैरागडेकाकांनी ते वाक्य काढलं होतं. चौकटीत लिहिलं होतं, 'कुंदाताई, रोप मरते अशानं.' काकूंनी ते घरात काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, माझ्या आईला खाली येऊन दाखवलं. परीक्षेत पहिली आलेली मुलगीही निकाल इतका मिरवत नसेल. त्यानंतर लोक धीट झाले. कूलरच्या पाण्यावरून तर मोठा वाद झाला. काकूंनी लिहिलं होतं की कूलरमधलं उरलेलं पाणी वाया घालवू नका, झाडांना घाला. सक्करदऱ्याच्या एका वहिनींनी ते खोडून लिहिलं की त्यानं कढीपत्त्याच्या कडा जळतात. वैरागडेकाकांनी वहिनींचं खोडलं, वहिनींनी त्यांचं. मी घाबरले, पान बंद करू का विचारलं. काकू म्हणाल्या, "थांब. दोघंबी खरं बोलून राहिले. वैरागडेभाऊकडे नळाचं पाणी आहे, हिच्याकडे बोअरचं. बोअरचं खारं पाणी कूलरात आटून अजून खारं होते." मग आमच्याही इमारतीत बोअरच आहे, हे लक्षात येऊन त्या स्वतःच्या कढीपत्त्याकडे बघायला गेल्या. कडा जळलेलं एक पान घेऊन परत आल्या. पानावर दोन भाग केले, नळाच्या पाण्यासाठी एक आणि बोअरसाठी दुसरा. स्वतःचा सल्ला स्वतःच्या हाताने अर्धा केला.

शेवटच्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. पलंगावरून त्या लोकांचे बदल वाचायच्या. पानं लॉक करावीत की नाही, याबद्दल त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत.

तेराव्यानंतर काकूंच्या यजमानांनी ग्रुपला गच्चीवर बोलावलं, ज्याला जी कुंडी हवी ती न्यायला. वैरागडेकाका वांग्याच्या कुंडीजवळ उभे होते. "केलं का बेटा लॉक?"

"नाही काका."

"काहून?"

सगळे बघत होते. मी म्हटलं, "तुम्ही त्यांचं खोडलं, तेव्हा त्या दूधवाल्यालासुद्धा सांगत होत्या. त्यांना तेच हवं होतं. लॉक केलं तर त्यांचं चुकलेलंही तसंच राहील, आणि लोक ते वाचून रोपं मारतील."

"ते ठीक आहे. पण सगळेच बदलत गेले तर ताईंची भाषा राहीन का तिथं?"

याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. फोनवर टोमॅटोच्या पानाचा इतिहास उघडून दिला. काकूंचं ते वेडं वाक्य, त्यानंतरचा वैरागडेकाकांचा बदल, दोन्ही तिथे होतं. ते बराच वेळ वाचत राहिले... मग फोन परत देऊन म्हणाले, "अजून जोरानं बोल जरा. मागच्यांना ऐकू नाही आलं." मी पुन्हा बोलले, मागच्यांना ऐकू जाईल असं. कुणी वाद घातला नाही. नंतर सगळ्यांनी मिळून कुंड्या खाली उतरवल्या.

पानं उघडीच आहेत. गेल्या आठवड्यात कुणीतरी नेट बांधायची वेळ अलीकडे आणली. कारण लिहिलं, 'काकू, ऊन आता लवकर येते.' त्या चौकटीत लोक अजून त्यांच्याशीच बोलतात. मी मात्र तोवर त्यांचं एकही वाक्य बदललं नव्हतं. मग गच्चीकोशाचं मुखपृष्ठ उघडलं. तिथे सगळ्यात खाली काकूंनी पहिल्याच दिवशी लिहिलेली ओळ होती, 'काही अडलं तर मला फोन करा', आणि पुढे त्यांचा नंबर. तो नंबर आता कुणी उचलत नाही. मी 'बदला' दाबलं, त्यांचा नंबर काढला आणि माझा टाकला. ओळ तशीच ठेवली. खालच्या चौकटीत लिहिलं, 'काकू, आता मी उचलते.'