एक फ्लॅट बाकी

"मी रातो ना इथं!" असं म्हणून तो आपल्याच छातीवर थाप मारायचा. फ्लॅट बघायला आलेल्या माणसाने काहीही विचारावं, पाणी किती वेळ येतं, भिंती पक्क्या आहेत का, कागद चोख आहेत का, पहिलं उत्तर हेच. बाकीचं मग तो सावकाश, जिना उतरताना सांगायचा.

एजंट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो माणूस उभा राहतो, तसले आम्हीही भरपूर पाहिले होते. आम्ही दोघं मूळचे साताऱ्याकडचे. नवरा तुर्भ्याच्या बाजारात मापाडी, मी कोपरखैरण्याच्या एका खाजगी शाळेत मास्तरीण. भाड्याच्या एका खोलीला कंटाळून आम्ही दर रविवारी घर शोधायला निघायचो. नेरूळला एकाने आम्हाला नुसता खड्डा दाखवून "इथे तुमचा बेडरूम" असं सांगितलं होतं. सानपाड्याला आम्ही फ्लॅट बघत असतानाच दुसरं एक कुटुंब गाद्या घेऊन वर आलं, त्यांनी तोच फ्लॅट आधीच घेतला होता. माझा नवरा दिवसभर लोकांचा माल तोलतो, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातली घटही आपल्याला कळते असा त्याचा दावा. घरी येऊन चप्पल काढता काढता तो म्हणायचा, "हा पण गेला."

याच्याबद्दल मात्र तो तसं बोलला नाही. तळवलीच्या बाजूला, मोठ्या रस्त्यापासून बरीच आत, चार मजल्यांची नवी बिल्डिंग होती. बाहेर पाटी होती, 'थोडेच फ्लॅट बाकी'. हा माणूस खाडीकाठच्या गावातला, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट आणि पायात स्लिपर घातलेला. त्याची पद्धत अशी, की ज्या बिल्डिंगचे फ्लॅट विकायचे तिथे आधी स्वतः राहायला यायचं. बिल्डर, ज्याला तो नुसतं 'शेठ' म्हणायचा, त्याला वरच्या मजल्यावर एक जागा वापरायला देई. तिथे हा बायको आणि म्हाताऱ्या आईसह संसार मांडायचा. सगळे फ्लॅट विकले गेले की बिऱ्हाड शेठच्या पुढच्या बिल्डिंगमध्ये.

फ्लॅट दाखवून झाल्यावर त्याने आम्हाला वर चहाला नेलं. आईने मला जवळ बसवून घेतलं, मुलंबाळं विचारली. मी मात्र बघत होते त्यांचा तांदळाचा डबा. काठोकाठ भरलेला होता. एवढा तांदूळ भरून ठेवणारा माणूस उद्या पळून जाणार नाही, असा मी मनाशी निकाल लावला. तुम्ही हसाल, पण घर घेताना माणूस असल्याच गोष्टींवर विश्वास ठेवतो.

"मास्तरीनबाय, एक गोष्ट आधीच बोलतो," जिन्यात तो हळूच म्हणाला. "इथं पानी विहिरीचा. पंप चालतो तवर पानी हाय. खोटा बोलनार नाय."

"आणि पंप बंद पडला तर?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"मी रातो ना इथं," तो म्हणाला, पण त्या वेळी छातीवर थाप मारली नाही.

आम्ही दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. पुढचे काही महिने सुखाचे गेले. जिन्यातला दिवा गेला की संध्याकाळपर्यंत नवा लागायचा. पंप कुरकुरला की हा बनियनवरच खाली पळायचा. माझ्या माहेरची माणसं येऊन बघून गेली. नवरा प्रत्येकाला सांगायचा, "एजंट भेटावा तर असा."

मग एका दुपारी मी शाळेतून आले, तर जिन्याच्या तोंडाशी सात-आठ बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कमरेवर कळशी, आणि कळश्या रिकाम्या. भांडत नव्हत्या, बोलत नव्हत्या. मला वाटलं पाणी मागायला आल्यात. तेवढ्यात हा वरून खाली आला, त्यांना पाहिलं आणि शेवटच्या पायरीवरच थांबला.

"तुम्ही राहता म्हणून आम्ही घेतलं होतं," त्यांतली एक म्हणाली. बस, एवढंच. मग त्या वळल्या आणि तशाच रिकाम्या कळश्या घेऊन चालत गेल्या.

त्या त्याच्या आधीच्या बिल्डिंगमधल्या होत्या. तिथला शेवटचा फ्लॅट विकला, याने बिऱ्हाड हलवलं, आणि पुढच्याच आठवड्यात शेठची माणसं येऊन पंप काढून घेऊन गेली. आमच्या खाली जो पंप घुरघुरत होता, तो तोच. हे त्याने स्वतः मला सांगितलं, पायरीवर बसून, मान वर न करता. आमच्या बाहेरच्या पाटीवर तेव्हा लिहिलेलं होतं, 'एक फ्लॅट बाकी'.

"मग आता आमचं काय?" मी विचारलं.

"सोसायटी करा," तो म्हणाला. "सगल्यांनी सह्या करा, नोंदनी करा. सोसायटी झाली की पंप तुमचा, मीटर तुमचा, विहीर तुमची. मंग शेठला हात लावता नाय येनार."

"त्याला वेळ लागेल."

"लागू दे. तो फ्लॅट मी बघतो."

तो फ्लॅट म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा, आमच्या डोक्यावरचा. त्यानंतर त्याने जे केलं ते आजवर कुठल्या एजंटने केलं असेल असं मला वाटत नाही. तो फ्लॅट रोज दाखवायचा आणि रोज विकायचा नाही. खोटं मात्र बोलत नसे. प्रत्येक गिऱ्हाइकाला जी अडचण खरोखर अडली असती, तीच काढायचा. बरोबर म्हातारे आईवडील असले की म्हणायचा, "लिफ्ट नाय, रोज चढतील का?" दम्याचा माणूस असला तर, "थंडीन कारखान्यांचा वास येतो, नाक धरून झोपावा लागंल." शाळेतली मुलं असली की मोठा रस्ता कसा ओलांडावा लागतो ते हातवारे करून सांगायचा. माणसं त्याचे आभार मानून जायची. आम्ही सगळे आपापल्या दाराआड उभं राहून ऐकायचो आणि त्यांची पावलं खाली गेली की सुटकेचा श्वास सोडायचो.

एकदा बाजारातला एक व्यापारी आला, तो काही केल्या हलेना. जिना? व्यायाम होईल. वास? सवय आहे. शाळा? मुलांची लग्नं झाली. याच्या चेहऱ्यावर घाम दिसायला लागला. तेवढ्यात वरून त्याची आई खाली आली आणि तिने व्यापाऱ्याच्या बायकोचा हात धरला.

"माजे पोरीवानी दिसतेस गो बाय," असं म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला. "ती बी याच घरान गेली."

व्यापारी बायकोच्या मागून दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. हा आईकडे बघतच राहिला.

"आय, तुला पोरगी कवा झाली?"

"तू गप," म्हातारी म्हणाली आणि जिना चढायला लागली. त्या दिवशी बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरी हसू होतं. शेवटचं तसं हसू.

कारण त्याच्या पुढच्या आठवड्यापासून पांढरी गाडी यायला लागली. काचा काळ्या. फाटकासमोर, पाटीच्या बरोबर खाली थांबायची. कोणी उतरायचं नाही. दुपारभर इंजिन चालू ठेवून उभी राहायची आणि निघून जायची. मुलं आपोआप अंगणात खेळायची बंद झाली. हा मात्र येता-जाता गाडीला हात जोडून नमस्कार करायचा.

सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. तीन घरं सही द्यायला तयार नव्हती, आधी गाडी जाऊ दे म्हणायची. मी चिडून बोलले तेव्हा तो म्हणाला, "भियालेल्या मानसाला वरडू नका, बाय. त्यांना चा पाजा."

एका सकाळी गाडीतून माणूस उतरला. "शेठनी बोलवलंय." याने इस्त्रीचा शर्ट घातला, आईच्या पाया पडला आणि गाडीत बसून गेला. दुपारी जेवायच्या वेळेला चालत परत आला. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये.

"काय झालं?" मी जिन्यातच विचारलं.

"स्कूटर घसरली."

त्याची स्कूटर खाली, आदल्या दिवशी लावली होती तिथेच उभी होती. मी स्कूटरकडे पाहिलं, त्यानेही पाहिलं.

त्या दिवशी माझा नवरा, जो सहसा कोणाच्या घरी जाऊन बसत नाही, तो वर गेला. म्हणाला, "सोडा हे काम. बाजारात मी तुम्हाला कुठेतरी चिकटवतो."

"माज्या बापाची जमीन शेठकडं अडकलीय, भाऊ," तो म्हणाला. "बिल्डिंग बांधून देतो, तुला त्यातला हिस्सा देतो, असा बोलला होता. बाप वारला. आता मी काम करतो तवर हिस्सा मिलंल म्हनतो. सोडला तर तो बी गेला."

नवरा खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः जाऊन त्या तीन घरांच्या सह्या आणल्या.

सोसायटी झाली. नोंदणी झाल्याचं कळलं तेव्हा मी पेढे घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने डाव्या हाताने पेढा घेतला, आईला भरवला, बायकोला दिला. स्वतः खाल्ला नाही. "पंपाच्या खोलीला तुमचा कुलूप लावा, आजच्या आज," म्हणाला. आम्ही लावलं. संध्याकाळी शेठची माणसं आली, कुलूप पाहिलं, आमची सगळ्यांची तोंडं पाहिली आणि परत गेली. जाताना फक्त वर, त्याच्या खिडकीकडे बघून घेतलं.

तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट शेठने स्वतःच कोणाला तरी विकला. आणि मग ज्याची आम्हाला इतके दिवस धास्ती होती तो टेम्पो आला. बायको वर न बघता भांडी चढवत होती. आईला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. आम्ही सगळे खाली उभे. पाणी व्यवस्थित येत होतं, कोणाचं काही बिघडलं नव्हतं, तरी प्रत्येकाला काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं. मला तर रडूच आलं.

"कुठे आता?"

"पनवेलच्या पुढं. शेठची नवी बिल्डिंग."

"तो तुम्हाला सोडणार नाही," मी म्हणाले.

"सोडनार नाय, ते मला बी म्हाईत हाय," तो म्हणाला आणि टेम्पोत मागे, सामानावर जाऊन बसला.

त्यानंतर काही वर्षं गेली. आमच्या बिल्डिंगला रंग लागला, आजूबाजूला तशाच दहा उभ्या राहिल्या. एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर एक तरुण जोडपं, नुकतंच लग्न झालेलं. मुलीच्या हातात पेढ्यांचा पुडा. नवरा घरी नव्हता. मी त्यांना आत घेतलं.

"पनवेलच्या पुढे आम्ही एक फ्लॅट बघितलाय," मुलगा म्हणाला. "तिथले एजंट म्हणाले, माझ्यावर भरवसा ठेवायचा का ते तळवलीच्या मास्तरीणबाईंना विचारा. त्या सांगतील तसं करा. म्हणून आलो."

माझा हात पदराकडे गेला. "कसे आहेत ते? आई?"

"आई गेल्या म्हणे मागच्या वर्षी. ते बरे आहेत. तिथेच राहतात, वरच्या मजल्यावर."

"किती फ्लॅट राहिलेत?"

"हा एकच."

"सोसायटी झाली का तिथे?"

"नाही अजून. चाललंय म्हणतात. थोडा वेळ लागेल."

मी मग विचारलं, "जिना उतरताना काही सांगितलं त्यांनी? पाण्याचं, वासाचं, रस्त्याचं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही. ते फारसं बोललेच नाहीत," मुलगी म्हणाली. "बरोबर आणखी एक माणूस असतो ना सारखा. तो काही बोलत नाही, नुसता मागे मागे येतो. फाटकापर्यंत आम्हाला सोडायला आले तेव्हा तेवढं तुमचं नाव सांगितलं."

मला सगळं समजलं. जे त्याला शेठच्या त्या माणसासमोर स्वतःच्या तोंडाने बोलता येत नव्हतं, ते बोलायला त्याने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. तिथेही माझ्यासारखी कोणीतरी घरोघर सह्या मागत फिरत असणार, आणि तो तिच्यासाठी शेवटच्या फ्लॅटची विक्री लांबवत असणार.

"मग? भरवशाचे आहेत ना?" मुलाने विचारलं.

"माणूस भरवशाचा आहे," मी म्हणाले. "घर घेऊ नका."

ती दोघं गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मी कारण सांगितलं, पंपाचं, सोसायटीचं, सगळं. मुलीने माझ्या पाया पडून तो पुडा टेबलावर ठेवला आणि दोघं निघून गेली. त्यांचं भलं झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या बिल्डिंगमधला फ्लॅट आणखी एकदा का विकला गेला नाही, याचं उत्तर त्याला एकट्याला शेठपुढे द्यावं लागणार होतं.

त्यानंतर त्याने आमच्याकडे कोणालाच पाठवलं नाही.